तोळा आणि सत्तावन्नावा किलो

कोल्हापूरच्या गुजरीत आजही सोन्याचा भाव तोळ्यानेच विचारतात. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आताचा सराफी तोळा १० ग्रॅमचा. नाव टिकले, वजन घटले. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आणली. देशाचा प्रमाण किलो म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतला प्लॅटिनम-इरिडियमचा ५७ क्रमांकाचा ठोकळा. सराफाच्या वजनावरचा वैधमापन खात्याचा शिक्का पायरीपायरीने पडताळत नेला, तर त्या ठोकळ्यापाशीच पोचतो. मला अप्रूप आहे ते या साखळीचे. गिऱ्हाइकाला तिचा पत्ताही नसतो, पण त्याचा पैसा तिच्याच भरवशावर असतो. २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर बेतली गेली. पॅरिसजवळच्या मूळ ठोकळ्याचीही सत्ता संपली. गुजरीतले एकही वजन मात्र त्यासाठी बदलावे लागले नाही.