सामाजिक शास्त्रांचे प्रारंभिक अध्यापन

समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मानवशास्त्र इ. विद्याशाखांची मूलतत्त्वे पदवीच्या विद्यार्थ्यास प्रथमतः समजावून देणे, असा या अध्यापनाचा सर्वसाधारण अर्थ आहे. विद्यार्थी समाजातच वाढलेला असल्याने हे काम सोपे असावे, अशी समजूत असते. वस्तुतः अडचण नेमकी तेथेच आहे. रसायनशास्त्राच्या नवशिक्या विद्यार्थ्याला क्षार व आम्ल यांविषयी पूर्वग्रह नसतात. जात, कुटुंब, मजुरी आणि मतदान यांविषयी मात्र वर्गात येण्यापूर्वीच प्रत्येकाची मते तयार झालेली असतात. परिचिताकडे अपरिचितासारखे पाहण्याची सवय लावणे, हा या अध्यापनाचा पहिला धडा होय. महाराष्ट्रात तो कसा दिला गेला व कोठे निसटला, याचा इतिहास उद्‌बोधक आहे.

मराठीत या विषयांचा प्रारंभ अर्थशास्त्रापासून झाला. रामकृष्ण विश्वनाथ यांनी १८४३ मध्ये हिंदुस्थानच्या प्राचीन व तत्कालीन स्थितीविषयी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. लोकहितवादींचे लक्ष्मीज्ञान (१८४९), हरि केशवजी यांचे देशव्यवहारव्यवस्था (१८५४) व कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे अर्थशास्त्र परिभाषा (१८५५) ही पुस्तके त्यानंतरची. यांतील बराचसा भाग इंग्रजी ग्रंथांच्या आधारे लिहिलेला असला, तरी नवी विद्या मराठी वाचकाला मराठीतच शिकविता येईल, असा विश्वास त्यामागे होता. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, उच्च शिक्षण इंग्रजीतून होऊ लागले आणि हा धागा दीर्घकाळ तुटला.

समाजशास्त्राला मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये स्थान मिळाले. पहिले विभागप्रमुख पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) हे मूळचे जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकार. स्थल, व्यवसाय व लोक यांचा परस्परसंबंध प्रत्यक्ष पाहणीतून समजून घ्यावा, ही त्यांची भूमिका होती. १९२४ पासून विभागाची धुरा गोविंद सदाशिव घुर्ये (१८९३–१९८३) यांच्याकडे आली. इरावती कर्वे, एम्. एन्. श्रीनिवास, अ. र. देसाई यांसारखे अभ्यासक त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले. पुण्यात १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था आणि १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजची संशोधनसंस्था सुरू झाली; मुंबईत १९३६ मध्ये समाजकार्याच्या शिक्षणाची टाटा संस्था निघाली. या सर्व संस्थांचा भर पदव्युत्तर अध्यापनावर व संशोधनावर होता. कळस आधी आणि पाया नंतर, असेच या इमारतीचे बांधकाम झाले म्हणावयास हरकत नाही. पदवीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आल्या त्या बव्हंशी व्याख्या. आणि व्याख्या पाठ करणे ही परीक्षेची सोय असली, तरी ते शास्त्र नव्हे.

वास्तविक, प्रत्यक्ष पाहणीची परंपरा येथे विद्यापीठांपेक्षाही जुनी आहे. टॉमस कोट्स या शल्यवैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेरीस पुण्याजवळील लोणी या गावाची घरे, कर्ज, पोशाख व आहार यांसह बारकाईने पाहणी केली. सुमारे सव्वाशे वर्षांनंतर त्याच गावाच्या पुनःपाहणीवर घुर्ये यांनी १९६० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या गावगाडा (१९१५) या ग्रंथात वतनदार व अलुतेबलुते यांच्या व्यवस्थेचे जे निर्भीड विश्लेषण आहे, ते आजही प्रथम वर्षाच्या वर्गात वाचावयास द्यावे इतके सुबोध आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावातील जमिनीचे तुकडे व शेतकऱ्यांचे कर्ज यांची आकडेवारी १९१७ मध्ये मांडली. कोट्स, आत्रे व मॅन यांपैकी कोणाचेही शिक्षण समाजशास्त्रज्ञाचे नव्हते, ही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर मराठी माध्यमाचा विस्तार झाला आणि परिभाषेचा प्रश्न पुढे आला. भाषा संचालनालयाचे कोश, विश्वकोशाचा परिभाषासंग्रह (१९७३) आणि स. मा. गर्गे यांनी संपादिलेला, १९८६ पासून प्रसिद्ध झालेला भारतीय समाजविज्ञान कोश यांनी मोठीच उणीव भरून काढली. तथापि अडचण नव्या शब्दांची नाही. ती ओळखीच्या शब्दांची आहे. ‘संस्था’ म्हटले की विद्यार्थ्यापुढे पतसंस्था किंवा शिक्षणसंस्था उभी राहते. विवाह ही संस्था कशी, हे त्याला उमगत नाही. ‘संस्कृती’ म्हणजे सुसंस्कृतपणा, असे तो धरून चालतो. मग अमुक जमातीची संस्कृती हे शब्द त्याला विसंगत वाटतात. ‘मूल्य’ हा शब्द अर्थशास्त्राच्या तासाला एक आणि समाजशास्त्राच्या तासाला दुसरेच सांगतो. असे शब्द कोशातून नव्हे, उदाहरणातून स्थिर होतात.

उदाहरणासाठी दूर जावे लागत नाही. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी हे तानसा नदीकाठचे गाव मुंबईहून एका दिवसात पाहून येण्याजोगे आहे. गरम पाण्याची कुंडे, स्वामी नित्यानंद यांची समाधी आणि स्वामी मुक्तानंद यांचा आश्रम यांसाठी ते प्रसिद्ध आहे. जवळच वज्रेश्वरीचे देवस्थान असून, वसईच्या विजयानंतर (१७३९) चिमाजी आप्पांनी ते बांधविले, असे परंपरा सांगते. भोवतालच्या पाड्यांवर वारली, कातकरी, मल्हार कोळी आदी जमातींची वस्ती आहे. यात्रेकरूला पहिले दिसते, दुसरे सहसा दिसत नाही. विद्यार्थ्याला दोन्ही दिसावयास हवे.

माक्स वेबर (१८६४–१९२०) या जर्मन समाजशास्त्रज्ञाने अधिसत्तेचे तीन प्रकार सांगितले : परंपराधिष्ठित, विधिनियमाधिष्ठित आणि व्यक्तीच्या असामान्य तेजावर आधारलेला. तिसरा प्रकार त्या व्यक्तीच्या पश्चात कसा टिकतो, हा त्याचा मार्मिक प्रश्न होता. नित्यानंद १९६१ मध्ये समाधिस्थ झाले. मुक्तानंदांचा आश्रम १९५६ मध्ये सुरू झाला होता. १९७० नंतरच्या दशकात तेथे परदेशी साधकांची वर्दळ वाढली, आणि मुक्तानंदांच्या निधनानंतर (१९८२) उत्तराधिकाराचा प्रश्न उद्‌भवला. एका व्यक्तीभोवती जमलेली श्रद्धा न्यास, नियम, दिनक्रम व इमारती यांत रूपांतरित होते, ही प्रक्रिया येथे हिंडताना डोळ्यांनी पाहता येते. श्रद्धा खरी की खोटी, हा येथे समाजशास्त्राचा प्रश्नच नव्हे. एवढे विद्यार्थ्याच्या ध्यानात आले, तरी पहिल्या सत्राचे बरेच काम झाले.

पाड्यांचा इतिहास अधिक कठोर आहे. मुंबई सरकारचे अधिकारी डी. सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालात ठाणे जिल्ह्यातील आदिवासींच्या वेठीचे व कर्जगुलामीचे वर्णन आहे. लग्नासाठी सावकाराकडून वा जमीनदाराकडून पैसे घ्यावयाचे आणि ते फेडण्यासाठी त्याच्या घरी वर्षानुवर्षे, कित्येकदा आयुष्यभर, राबावयाचे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. हा एक शब्द नीट उकलला, तर चार शास्त्रांची ओळख होते. विवाह ही संस्था येथे आहे. कर्ज, व्याज व श्रमाचा मोबदला आहे. हिशेब लिहिणारा साक्षर आणि अंगठा उठविणारा निरक्षर यांच्यातील सत्तासंबंध आहे. आणि जंगलजमिनीवरील हक्क कसे व केव्हा गेले, हा इतिहास आहे. विद्याशाखांच्या सीमा अभ्यासाच्या सोयीसाठी असतात, हे तत्त्व एरवी वर्गात नुसते सांगावे लागते.

१९४५ मध्ये उंबरगाव व डहाणू भागांत श्यामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्ये झाला; परंतु तो ठाणे जिल्ह्यात अंमलात यावा यासाठी विधायक संसद व श्रमजीवी संघटना (१९८२) यांना झगडावे लागले. कायदा होणे आणि तो लागू होणे यांतील अंतर हा राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात अर्ध्या पानाचा मजकूर असतो. कातकरी कुटुंबे आजही पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि आगाऊ घेतलेली ‘उचल’ फेडण्यात त्यांचा हंगाम संपतो. तिची लग्नगड्याच्या कर्जाशी तुलना करता येईल काय, आणि कोठे करता येणार नाही, हा प्रथम वर्षाच्या निबंधाला पुरेल असा विषय आहे. तानसा नदीवरील धरण १८९२ मध्ये मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी पूर्ण झाले. ज्या शहापूर तालुक्यात ते आहे, तेथील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात पाणीटंचाई असते. सार्वजनिक साधनसंपत्तीचे वाटप कोण ठरवितो, हे विचारण्यास मुंबईच्या नळाखाली भरलेली बादलीही पुरेशी आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेमुळे (१९६९) विद्यार्थ्यांची शिबिरे खेड्यांत होऊ लागली. मात्र श्रमदान व पाहणी यांत फरक आहे. पहिल्यात विद्यार्थी देणारा असतो, दुसऱ्यात विचारणारा. आणि विचारणाऱ्याला आधी ऐकावे लागते. माहिती देणाऱ्याची संमती, त्याच्या वेळेची किंमत, लिहिलेले त्याला वाचून दाखविणे, या गोष्टी पाठ्यक्रमात उशिरा येतात. त्या पहिल्याच आठवड्यात यावयास हव्यात.

दरम्यान वर्गाची रचनाही बदलली आहे. भिवंडी, वाडा, शहापूर येथील महाविद्यालयांत पाड्यांवरून आलेली, घराण्यात प्रथमच पदवीपर्यंत पोहोचलेली मुले-मुली शिकतात. पुस्तकात ‘जमात’ या शीर्षकाखाली जे छापलेले असते, ते त्यांचे घर असते. आपल्या आजोबांच्या कर्जाची हकीगत वर्गात सांगावी की नाही, हे त्यांनीच ठरवावयाचे. वनहक्क कायद्याच्या (२००६) दाव्यांसाठी जुने पुरावे जमवताना वडीलधाऱ्यांच्या साक्षी नोंदवणे, सातबारा व वनखात्याच्या दंडाच्या पावत्या वाचणे, शिवाराचा नकाशा काढणे ही कामे पाड्यांवरील शिकलेल्या मुलांकडे येतात. ती पाहणीचीच कामे होत. पाठ्यक्रमात त्यांना अद्याप गुण नाहीत.