साखळीपट्ट्यांची झीज आणि दुरुस्ती

धरण, रस्ता किंवा खाण यांपैकी कोणतेही मोठे काम चालू असेल तेथे बुलडोझर हमखास दिसतो. त्याला चाकांऐवजी पोलादी साखळीचे दोन पट्टे असतात. मऊ जमिनीत न रुतता आणि चढावर न घसरता तो काम करू शकतो, याचे श्रेय या पट्ट्यांना आहे. परंतु अशा यंत्राच्या देखभालीवर जो खर्च होतो त्यापैकी साधारण निम्मा खर्च हे पट्टे आणि त्यांना आधार देणारे भाग यांच्यावरच होतो. इंजिन वर्षानुवर्षे चालते, पट्टे मात्र मातीशी घासून झिजत राहतात. या झिजेशी माणसाने गेली शंभर-सव्वाशे वर्षे कसा सामना केला, याचा इतिहास पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. यंत्राचा शोध कोणी लावला हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. ते यंत्र चालू कसे राहिले, हे सहसा वाचायला मिळत नाही.

चाकांकडून पट्ट्यांकडे

कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन शहराजवळ नदीच्या त्रिभुज प्रदेशात कुजलेल्या वनस्पतींची मऊ, स्पंजासारखी जमीन आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे वाफेचे अवजड ट्रॅक्टर रुतून बसत. बेंजामिन होल्ट या कारखानदाराने प्रथम चाके रुंद करून पाहिली. रुंदी वाढवता वाढवता एक यंत्र ४६ फूट रुंद झाले! शेवटी २४ नोव्हेंबर १९०४ रोजी त्याने चाके काढून त्या जागी लाकडी फळ्या जोडलेली साखळी बसवली आणि ट्रॅक्टर न रुतता चालला. इंग्लंडमध्ये ग्रँथम येथील हॉर्न्सबी कंपनीत डेव्हिड रॉबर्ट्स याच सुमारास अशाच कल्पनेवर काम करीत होता. त्याच्या पेटंटचे हक्क होल्टने १९१४ मध्ये विकत घेतले. पहिल्या महायुद्धात रणगाडा अवतरला तो याच तत्त्वावर.

रुतण्याचा प्रश्न पट्ट्याने सोडवला, पण त्या जागी एक नवा प्रश्न उभा केला. चाकाला एक आस आणि एक-दोन धारवा म्हणजे बेअरिंगे असतात. त्यांना तेल देता येते, धुळीपासून झाकता येते. पट्ट्यात मात्र एका बाजूस सुमारे चाळीस सांधे असतात. ते सर्व चिखलात, वाळूत आणि पाण्यात उघड्यावर फिरतात.

वाळू पोलादाला कशी खाते?

पोलाद इतके मजबूत असताना माती त्याला कशी झिजवते? याचे उत्तर आपल्या शेतात पडलेल्या गारगोटीत आहे. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. मोहस् यांच्या कठिनतेच्या श्रेणीत तिचा क्रमांक सात आहे. धातुशास्त्रज्ञ वापरतात त्या व्हिकर्स मापनात क्वार्ट्झची कठिनता सुमारे १,१०० भरते. इमारतीच्या साध्या पोलादाची ती सुमारे १५० आणि चांगले पाणी दिलेल्या पोलादाची ६०० ते ७०० असते. म्हणजे वाळूचा प्रत्येक कण पोलादाच्या दृष्टीने एक बारीक पटाशीच होय. महाराष्ट्रातील काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, मुक्त क्वार्ट्झ फारसे नसते. पण त्याच्या पोकळ्यांत गारगोट्या सापडतात आणि वाळवंटात किंवा ग्रॅनाइटच्या प्रदेशात तर वाळूचा बराचसा भाग क्वार्ट्झचाच असतो. म्हणून एकाच बनावटीचा पट्टा एका प्रदेशात पुष्कळ टिकतो आणि दुसऱ्या प्रदेशात लवकर संपतो.

या अनुभवाला गणिती रूप मिळाले ते बऱ्याच उशिरा. १९५३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. एफ. आर्चर्ड यांनी झिजेचे साधे सूत्र मांडले. झिजून गेलेले आकारमान हे दाब आणि घसरण्याचे अंतर यांच्या सम प्रमाणात, तर पृष्ठभागाच्या कठिनतेच्या व्यस्त प्रमाणात असते. त्याच दशकात मॉस्कोमध्ये एम. एम. ख्रुश्चॉव्ह आणि त्यांचे सहकारी बाबिचेव्ह यांनी शुद्ध धातू खरकागदासारख्या पृष्ठभागावर घासून पाहिले. धातू जितका कठीण तितका तो झिजेला अधिक प्रतिकार करतो, असे त्यांना आढळले. घर्षण, वंगण आणि झीज यांच्या अभ्यासाला ‘ट्रायबॉलॉजी’ हे नाव ब्रिटनमधील जोस्ट समितीच्या अहवालामुळे रूढ झाले, ते १९६६ मध्ये.

सूत्र पाहून वाटते की पोलाद शक्य तितके कठीण केले की झाले. पण काचही कठीणच असते. पट्ट्याची कडी दगडावर आपटली आणि काचेसारखी तडकली तर त्या कठीणपणाचा उपयोग काय? कठीणपणा आणि चिवटपणा ही जोडी एकत्र नांदवणे ही खरी अडचण होती.

हॅडफील्डचे विलक्षण पोलाद

या अडचणीवरील एक उपाय पट्ट्यांचा जन्म होण्यापूर्वीच तयार होता. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड याने १८८२ मध्ये पोलादात सुमारे १२ ते १४ टक्के मँगॅनीज मिसळून पाहिले. हे पोलाद सुमारे १,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात बुडवले. साधे पोलाद अशाने कडक आणि ठिसूळ होते. हे मात्र मऊ आणि अत्यंत चिवट झाले. पण त्यावर जोराचे आघात झाले की आघाताच्या जागी पृष्ठभाग दुपटीहून अधिक कठीण होतो आणि आतील भाग चिवटच राहतो. आणखी एक नवल म्हणजे लोहचुंबक या पोलादाला चिकटत नाही.

रुळांचे सांधे आणि दगड फोडण्याच्या यंत्रांचे जबडे यांसाठी ते उत्तम ठरले. पुढे रणगाड्यांच्या पट्ट्यांसाठीही ते वापरले गेले. दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत टी-३४ रणगाड्याचे पट्टे याच जातीच्या पोलादाचे होते. मात्र जेथे आघात नसून वाळूचे केवळ हळूहळू घासणे असते तेथे हे पोलाद आपला गुण दाखवीत नाही, कारण आघाताशिवाय त्याचा पृष्ठभाग कठीण होत नाही. म्हणून ट्रॅक्टरांच्या आणि बुलडोझरांच्या कड्यांसाठी मध्यम कार्बनाचे पोलाद घेऊन त्याचा फक्त वरचा थर कडक करण्याची रीत पडली. १९३० च्या दशकात विद्युत प्रवर्तनाने, म्हणजे इंडक्शनने, नेमका हवा तेवढाच थर तापवता येऊ लागला आणि हे काम सोपे झाले.

झिजलेल्या जागी भर

नांगराचा फाळ झिजला की गावचा लोहार त्याला लोखंडाचा तुकडा तापवून, ठोकून जोडून देई. झिजलेल्या जागी नवा धातू चढवण्याची कल्पना तेवढी जुनी आहे. तिला नवे साधन मिळाले ते विजेच्या ठिणगीमुळे. रशियातील पेर्म येथील तोफांच्या कारखान्यात निकोलाय स्लाव्यानॉव्ह याने १८८८ मध्ये धातूचीच कांडी विजेने वितळवून तिचा रस सदोष आणि तुटलेल्या भागांवर ओतण्याचे तंत्र वापरात आणले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आज आपण ज्याला वेल्डिंग म्हणतो ते आरंभापासून जोडकामाइतकेच दुरुस्तीचेही तंत्र होते. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग याने कांडीवर लेप देण्याची युक्ती काढली, तीही जहाजांच्या बाष्पकांच्या दुरुस्तीची गरज म्हणून.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात स्टूडी बंधूंनी तेलविहिरी खोदणाऱ्या हत्यारांच्या टोकांवर अतिकठीण मिश्रधातूची भर चढवण्याचा व्यवसाय सुरू केला. अशा भरीत क्रोमियमची किंवा टंगस्टनची कार्बाइडे असतात. क्रोमियम कार्बाइडाची कठिनता सुमारे १,५०० आणि टंगस्टन कार्बाइडाची २,००० च्या आसपास असते. आता पारडे फिरले. वाळूचा कण पोलादाला ओरखडतो, पण कार्बाइडापुढे त्याचे काही चालत नाही.

या तंत्राला पुढे यंत्राचा हात मिळाला. विजेची ठिणगी दाणेदार भुकटीखाली झाकून आपोआप चालणारे वेल्डिंग १९३० च्या दशकात अमेरिकेत पुढे आले. सोव्हिएत संघात पुलांचे अभियंते येवगेनी पॅटन यांनी कीव येथील आपल्या संस्थेत त्याची स्वतंत्र पद्धत विकसित केली. १९४१ मध्ये ही संस्था उरल पर्वतातील निझ्नी तागील येथे हलवावी लागली आणि तेथे टी-३४ रणगाड्यांची कवचे या पद्धतीने जोडली गेली. कुशल कारागीर आघाडीवर गेले होते. ही यंत्रे नवख्या मुलांना आणि स्त्रियांना शिकवून चालवता आली. झिजलेल्या गोल भागांवर भर चढवण्यासाठी तर ही पद्धत फारच सोयीची ठरली. झिजलेला रोलर संथ गतीने फिरवत ठेवायचा आणि त्यावर वितळलेल्या तारेचे वेढे एकाशेजारी एक बसवत जायचे. मूळ व्यास मिळाला की रोलर पुन्हा कामाला तयार होतो.

दोन पोलादे, दोन उलटे नियम

वाचकांना वाटेल, धातू वितळवून लावायचा एवढेच तर काम आहे. पण येथेच धातुशास्त्र आड येते. रोलर मध्यम कार्बनाच्या पोलादाचा असतो. थंड रोलरवर वितळलेला धातू पडला की आजूबाजूचे पोलाद क्षणात तापते आणि तितक्याच झपाट्याने थंड होते. असे थंड होताना त्यात मार्टेन्साइट हा कडक, ठिसूळ प्रकार तयार होतो आणि भरीखाली चिरा पडतात. म्हणून रोलर आधी तापवून घ्यावा लागतो आणि काम झाल्यावर झाकून हळूहळू निववावा लागतो.

हॅडफील्डच्या पोलादाची गोष्ट नेमकी उलट. ते फार वेळ तापले तर स्फटिककणांच्या सीमांवर कार्बाइडे साचतात आणि चिवटपणा नाहीसा होतो. ते थंडच ठेवायचे, थोडेथोडे वेल्डिंग करून थांबायचे. एका भागावर जो उपचार तोच दुसऱ्याचा घात! मग समोरचा भाग कोणत्या जातीचा हे ओळखायचे कसे? खिशातील लोहचुंबक लावून पाहिला की कळते. वर सांगितलेला चुंबकाचा गुणधर्म असा उपयोगी पडतो.

नुसते फिरवून केलेली दुरुस्ती

सर्वांत चतुर दुरुस्तीत मात्र वेल्डिंग लागतच नाही. पट्ट्याच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि तिच्याभोवती बुश असतो. दात्यांच्या चाकावरून जाताना सांधा थोड्याच कोनातून वळतो आणि ओढ नेहमी एकाच दिशेने पडते. म्हणून पिन आणि बुश यांची झीज एकाच बाजूस होते. प्रत्येक सांधा ३ मिलिमीटर झिजला तर चाळीस सांध्यांचा पट्टा १२ सेंटिमीटर लांबतो. साखळीचे घर आणि चाकाचा दाता यांचा मेळ मग जमत नाही व दातेही खाल्ले जातात. पण पिनेची दुसरी बाजू तर कोरीच आहे! तेव्हा दाबयंत्राने पिना आणि बुश बाहेर काढून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवले की त्याच भागांना दुसरे आयुष्य मिळते.

मात्र हे वेळेवर केले पाहिजे. कडक थर काही मिलिमीटरच असतो. तो संपला की आतील मऊ पोलाद झपाट्याने झिजते आणि मग फिरवायला काही उरत नाही. म्हणून पट्ट्याचे नियमित मापन हा दुरुस्तीचाच भाग आहे. १९७० च्या दशकात पिन आणि बुश यांच्यामध्ये तेल कोंडून ठेवणारे सांधे आले आणि आतील झीज जवळजवळ थांबली, तरी बुशाची बाहेरची झीज उरलीच.

भारतातील एक प्रसंग

स्वातंत्र्यानंतर देशात धान्याची तीव्र टंचाई होती. मध्य भारतातील काळ्या जमिनीचे मोठे पट्टे कांस गवताने व्यापले होते. त्याच्या मुळ्या इतक्या खोल असतात की बैलांच्या नांगराचा इलाज चालत नसे. अमेरिकी लष्कराने युद्धानंतर मागे सोडलेले ट्रॅक्टर दुरुस्त करून केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने हे काम हाती घेतले. पुढे १९४९ मध्ये नव्या यंत्रांसाठी जागतिक बँकेने भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. खोल नांगरट कोरड्या दिवसांत, पावसाच्या आत करावी लागे, म्हणजे उपटलेल्या मुळ्या उन्हाने वाळत. ऐन हंगामात पट्टा तुटून ट्रॅक्टर उभा राहिला तर तेवढ्या जमिनीचे एक वर्ष गेले. त्या काळी असे ट्रॅक्टर आपल्याकडे तयार होत नव्हते. सुटे भाग परकीय चलन देऊन जहाजाने आणावे लागत. बुलडोझर बनवणारी भारत अर्थ मूव्हर्स ही कंपनी स्थापन झाली ती १९६४ मध्ये. तोपर्यंत झिजलेल्या भागाची दुरुस्ती करता येते की नाही, यावर शेत पेरले जाणार की पडीक राहणार हे ठरू शकत होते.

वर्गात काय करता येईल?

हा सर्व इतिहास शाळेत आणण्यासाठी बुलडोझरची गरज नाही. गारगोटीने जुन्या सुरीच्या पात्यावर आणि नंतर सुरीने गारगोटीवर ओरखडा काढून पाहावा. कोण कोणाला खाते ते लगेच कळते. सायकलची साखळी म्हणजे पट्ट्याची धाकटी बहीणच. तिच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच असते, म्हणून नव्या साखळीत २४ घरे बरोबर १२ इंच भरतात. विद्यार्थ्यांनी आपापल्या सायकलींच्या साखळ्या ताणून धरून मोजाव्यात. ज्या साखळीत हे अंतर १२ इंच आणि एक अष्टमांश भरेल ती एक टक्का लांबली. तिच्या चाकाचे दातेही न्याहाळावेत. ते बहुधा एका बाजूला खाल्लेले दिसतील. अखेरीस विद्यार्थ्यांना जवळच्या एखाद्या वेल्डिंगच्या दुकानात न्यावे आणि कारागिराला एवढेच विचारावे, की हा भाग तुम्ही आधी का तापवता? त्याच्या उत्तरात मार्टेन्साइट हा शब्द येणार नाही. पण त्याला जे ठाऊक असते ते बहुतेक वेळा बरोबर असते आणि ते कोठेही लिहिलेले नसते. ते टिपून घेऊन त्यामागचे कारण वर्गात शोधणे, हा विज्ञानाचा एक चांगला तास होईल.