तिघांची बेरीज

नागपूरच्या सार्वजनिक इतिहासात बंदूक प्रथम आली ती खेळ म्हणून नव्हे. ती आली कायदा म्हणून, आणि त्याच्या मागोमाग कायदेभंग म्हणून. चीनमधील हांगचौ येथे २०२३ साली झालेल्या एकोणिसाव्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारतीय पुरुषांच्या दोन संघांनी रायफल नेमबाजीत जागतिक विक्रमांसह सुवर्णपदके मिळविली, त्यांविषयी आज बोलावयाचे आहे. परंतु हांगचौला जाण्यासाठी आपणांस सीताबर्डीवरूनच निघावे लागेल. वाट थोडी लांबची आहे.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. परवान्यावाचून हिंदी माणसाने शस्त्र बाळगावयाचे नाही, आणि युरोपियन व युरेशियन माणसाला मात्र ह्या बंधनातून सूट, असा त्याचा अंमल होता. तुटवडा शस्त्रांचा पडला हे खरेच. पण मनाला लागला तो त्यातला भेद. काँग्रेसच्या १८८७ च्या मद्रास अधिवेशनात ह्या कायद्याविरुद्ध ठराव झाला, आणि पुढे तो विषय वर्षानुवर्षे निघत राहिला.

ह्या भेदाचे दर्शन आपल्या शहराला कोठे होत असेल, तर ते रेल्वेत. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची गाडी १८६७ साली नागपुरास पोहोचली. बंगाल-नागपूर रेल्वे त्यानंतर वीस वर्षांनी स्थापन झाली. ह्या रेल्वे-कंपन्यांच्या नोकरांची स्वयंसेवक रायफल पथके असत. गोरे आणि अँग्लो-इंडियन कर्मचारी त्यांत भरती होत, कवायत करीत, निशाणावर गोळ्या झाडीत. त्याच रेल्वेतला हिंदी कारकून अथवा खलाशी लांबून आवाज ऐके, एवढाच त्याचा संबंध. १८८५ साली रशियाशी युद्ध होणार अशी हवा उठली, तेव्हा सुशिक्षित हिंदी तरुणांनी आम्हांसही स्वयंसेवक म्हणून घ्या, असे अर्ज केले. सरकारने ते मानले नाहीत. राजनिष्ठेने मागितलेली बंदूकही मिळाली नाही, ही गोष्ट त्या पिढीने लक्षात ठेवली.

पहिल्या महायुद्धानंतर नियमांतला उघड वर्णभेद पुसला गेला. परवान्याची अट मात्र राहिली, आणि परवाना देणारा साहेबही राहिला. तेव्हा १९२७ साली नागपुरात एक विलक्षण सत्याग्रह उभा राहिला. मंचरशा आवारी हे नागपूरचे पारशी गृहस्थ. लोक त्यांना 'जनरल' म्हणत. त्यांच्या अनुयायांनी उघड्या रस्त्याने तलवारी घेऊन मिरवणुका काढल्या आणि कायदा मोडला. गांधीजींनी ह्या चळवळीला आपला पाठिंबा नाही हे स्पष्ट केले. शस्त्र हाती घेऊन अहिंसक सत्याग्रह कसा व्हावयाचा, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. आवारींना तुरुंगवास झाला, त्यांनी तेथे दीर्घ उपोषण केले. झेंडा सत्याग्रहाची आठवण आपण दरसाल काढतो; ह्या तलवारींच्या सत्याग्रहाची फारशी काढीत नाही. मला वाटते, त्यातली अडचण आपल्याला अजून नीट सोडविता आलेली नाही, म्हणूनच असे होत असावे.

ती अडचण एका निराळ्याच माणसाने आपल्यापुरती सोडविली. गणेश वासुदेव मावळंकर हे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. घराणे मराठी, मूळ रत्नागिरीकडचे. वकिली आणि सार्वजनिक कार्य अहमदाबादेस. गांधीजींच्या चळवळीत ते तुरुंगात गेलेले होते. अशा गृहस्थाच्या पुढाकाराने १९५१ साली भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, ह्याचे प्रथमदर्शनी नवल वाटते. पण थोडा विचार केला म्हणजे वाटेनासे होते. स्वतंत्र देशातील नागरिकाला बंदूक कोणावर न रोखता हाती धरता यावी, शिस्तीने चालविता यावी आणि सायंकाळी कपाटात ठेवून घरी जाता यावे, ह्यासाठी खेळासारखी दुसरी जागा नाही. मावळंकरांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा आजही होते, आणि देशातील नवे नेमबाज तिच्यातून पुढे येतात.

आता हांगचौ. श्रोतेहो, नेमबाजीतील 'संघ' हा शब्द आपण हॉकीच्या किंवा खोखोच्या अर्थाने घेतला, तर फसू. येथे कोणी कोणाला चेंडू देत नाही. सांघिक सामना म्हणून वेगळा खेळविलाही जात नाही. एका देशाचे तिघे प्राथमिक फेरीत इतरांसारखेच आपापल्या जागी उभे राहतात, प्रत्येकजण आपल्या साठ गोळ्या झाडतो, आणि तिघांच्या गुणांची बेरीज होते. शेजारचा सोबती घसरू लागला तरी त्याला हात देता येत नाही. आपले साठ बार नीट काढणे, एवढीच काय ती मदत.

२५ सप्टेंबर २०२३ रोजी दहा मीटर हवाई रायफलची फेरी झाली. लक्ष्याच्या मध्यावरील दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे टाचणीच्या डोक्याहूनही लहान. छर्राच साडेचार मिलिमीटरचा. गुण दशांशात मोजतात, एका बाराला अधिकांत अधिक १०.९. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने ६३२.५, मध्य प्रदेशातील ऐश्वर्य प्रतापसिंह तोमरने ६३१.६ आणि राजस्थानच्या दिव्यांशसिंह पंवारने ६२९.६ गुण केले. बेरीज १८९३.७. चीनचा त्याच वर्षीचा जागतिक विक्रम १८९३.३ होता. एकशे ऐंशी बारांत मिळून चार दशांशांचा फरक! एकाचा एक छर्रा केसभर बाजूला गेला असता तर विक्रम राहिला नसता. हांगचौमधील भारताचे हे पहिले सुवर्णपदक.

चार दिवसांनी, २९ तारखेस, पन्नास मीटरवरील तीन स्थितींची फेरी झाली. गुडघा टेकून वीस, पालथे पडून वीस, उभे राहून वीस अशा साठ गोळ्या. येथे गुण पूर्णांकात, एकूण सहाशेपैकी. दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, सदऱ्याच्या गुंडीएवढे. शेवटची उभी स्थिती सर्वांत कठीण, कारण रायफलीचा भार तोलावयास जमिनीचा आधार नाही आणि शरीर तर मघापासून थकत आलेले. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५९१, पुन्हा तोमर ५९१, बागपतचा अखिल श्योराण ५८७. बेरीज १७६९, अमेरिकेचा विक्रम १७६१ होता. १८०० पैकी तिघांनी मिळून अवघे एकतीस गुण गमावले. (तोमरचे खरगोण एकेकाळी होळकरांच्या मुलखात होते, एवढे इंदूरकरांच्या समाधानासाठी सांगून ठेवतो.)

आता एक नियम पाहा. वैयक्तिक अंतिम फेरीत आठजण जातात. पण एका देशाचे दोनच. श्योराण प्राथमिक फेरीत पाचवा होता, तरी त्याला बाहेर बसावे लागले, कारण पुढे दोन भारतीय होते. पहिल्या स्पर्धेत पंवारचेही तेच झाले. आणि जे आत गेले त्यांतले आमचे दोघे मराठी? रुद्रांक्ष कांस्यपदकासाठी तोमरबरोबर बरोबरीत आला आणि जादा बारात हरून चौथा राहिला. कुसाळे अंतिम फेरीत बराच काळ आघाडीवर होता. उभ्या स्थितीत एक बार ७.६ वर गेला, आणि तोही चौथा. वैयक्तिक निकालाच्या यादीत ह्या चौघांपैकी एकाच्याही नावापुढे पदक नाही. सांघिक बेरजेत मात्र पंवारचे ६२९.६ आणि श्योराणचे ५८७ जसेच्या तसे आहेत. त्यांतला एक गुणही कोणी वजा केलेला नाही. सांघिक स्पर्धेला नुसता हिशेब समजून नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मला तो हिशेब वैयक्तिक निकालापेक्षा अधिक न्यायी वाटतो.

पण हा न्याय सर्वत्र मिळत नाही. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या सांघिक रायफल स्पर्धा १९०८ च्या लंडनमध्ये होत्या. तेव्हा सहासहाजणांचे संघ दोनशेपासून हजार यार्डांपर्यंत लष्करी रायफली चालवीत. १९२४ नंतर त्या गेल्या त्या गेल्याच. आशियाई स्पर्धांतही २०१८ साली जकार्त्यात पुरुष-संघांची रायफल स्पर्धा नव्हती. ती हांगचौला परत आली. त्याआधी भारताच्या हवाई रायफल संघाने २०१० मध्ये रौप्य आणि २०१४ मध्ये कांस्य मिळविले होते, आणि दोन्ही वेळा अभिनव बिंद्रा त्या संघात होता.

कुसाळेविषयी आणखी थोडे. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून २००९ साली तो खेळाकडे आला आणि नाशकात नेमबाजी शिकला. नागपूरच्या डॉ. मुंजे यांनी १९३७ साली भोसला सैनिकी शाळा काढली ती ह्याच नाशकात. पुढे दीपाली देशपांडे ह्यांनी त्याला घडविले. २०१५ साली तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरीस लागला. मध्य रेल्वे म्हणजे पूर्वीची ग्रेट इंडियन पेनिन्शुला. ज्या रेल्वेच्या रायफल पथकात हिंदी कारकुनाला जागा नव्हती, तिचा तिकीट तपासनीस १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये तीन स्थितींच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांनी कांस्यपदकाचा मानकरी झाला. ह्या प्रकारात भारताला मिळालेले ते पहिलेच ऑलिंपिक पदक.

त्या प्राथमिक फेरीत कुसाळेचे गुण होते ५९०. तोमर ५८९ वर अकरावा राहिला आणि अंतिम फेरीबाहेर गेला. पॅरिसला बेरीज नव्हती.