गाव बिडकीनला, नोकरी लांब : मोकळ्या जागेवर घर बांधताना काय काय तपासाल?

बिडकीन, चितेगाव, ढोरकीन, निलजगाव... पैठण रोडच्या या पट्ट्यात क्वचितच असं घर असेल, ज्यातला एखादा माणूस पुणे, मुंबई, सुरत नाहीतर आखाती देशात नोकरीला नाही. गावाकडं दोन-चार गुंठे जागा असते. डोक्यात एकच विचार, दोन खोल्या आणि एक हॉल बांधून ठेवू, म्हातारपणी गावाकडंच यायचंय.

त्यात बिडकीनची औद्योगिक वसाहत आली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी तिचं लोकार्पण झालं. त्याच वर्षी टोयोटा किर्लोस्करने जिल्ह्यातल्या प्रकल्पासाठी राज्य सरकारसोबत करार केला. जागेला भाव आला, प्लॉटिंगचे बोर्ड लागले आणि लांबून घर बांधणाऱ्यांची संख्याही वाढली.

लांबून बांधताना अडचण एकच असते. घरातलं जे महत्त्वाचं, ते सगळं झाकलेलं असतं. पाया मातीखाली, लोखंड काँक्रीटच्या आत, आणि जमिनीचा बोजा सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात. सुट्टीला आलं की रंग दिसतो, फरशी दिसते, पण पाया दिसत नाही. म्हणून नियम एकच ठेवा : जे झाकलं जाणार आहे, ते झाकायच्या आधी बघायचं, आणि बघितल्यावरच पैसे सोडायचे.

१) आधी कागद

सातबारा, आठ-अ आणि फेरफार आता मोबाईलवर निघतात. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या पोर्टलवर शुल्क भरून मिळतो आणि तो शासकीय व कायदेशीर कामाला चालतो. तलाठ्याकडं जायची गरज नाही. दुबईत बसूनही काढता येतो. त्यात या चार गोष्टी बघा :

- भोगवटादार वर्ग : वर्ग १ असेल तर सहसा अडचण नाही. वर्ग २ असेल तर विकायला, हस्तांतर करायला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. इनाम, वतन, गायरान, वक्फ असा उल्लेख दिसला तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका.
- इतर हक्क : सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज, कुळ, कोर्टातला दावा, भूसंपादनाची नोंद इथंच सापडते.
- नावं : वडिलोपार्जित जमिनीत बहिणींचाही हक्क असतो. २००५ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पक्कं केलं. 'ताई काही म्हणणार नाही' यावर घर बांधू नका. वाटणी किंवा हक्कसोडपत्र नोंदणीकृत करून घ्या आणि त्याचा फेरफार झालेला बघा.
- क्षेत्र : सातबारावर हेक्टर-आर असतं. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १,०७६ चौरस फूट. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एक एकर.

जागा गावठाणात असेल तर सातबारा नसतो. तिथं ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावात मिळकत पत्रिकाही मिळते.

मग मोजणी. पैठणच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्या. शेजाऱ्याला त्या दिवशी हजर ठेवा. बांधाचं भांडण घर उभं राहिल्यावर निघालं तर मिटायला वर्षं जातात, आणि तुम्ही तारखेला येणार सुट्टी टाकून.

२) 'बाँडवर' प्लॉट घेताय?

या भागात हा प्रकार जास्त आहे. शेतात मुरूम टाकून रस्ते आखतात, दगड रोवतात आणि एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून देतात. हा बाँड म्हणजे खरेदीखत नाही. नुसत्या मुखत्यारपत्रावर किंवा करारावर मालकी मिळत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच दिला आहे. मालकी मिळते ती दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेल्या खरेदीखतानं.

असे छोटे तुकडे रजिस्ट्रीला का अडतात? तुकडेबंदी कायदा १९४७ चा आहे. २०२३ च्या अधिसूचनेनुसार जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. २०२५ मध्ये शासनानं यात सवलत दिली, मुख्यतः आधी झालेले व्यवहार नियमित व्हावेत म्हणून. पण 'आता सगळं मोकळं झालं' असं एजंट म्हणतो म्हणून इसार देऊ नका. आपल्या गटाला ती सवलत लागू होते का, हे तहसील किंवा निबंधक कार्यालयात विचारा.

आणखी दोन गोष्टी. प्लॉटिंगची जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील तर महारेराची नोंदणी लागते. तो नंबर महारेराच्या साईटवर टाकून बघा. दुसरं, परदेशात राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसानं आलेली ठेवता येते, आणि बिनशेती झालेला रहिवासी प्लॉटही घेता येतो.

३) परवानगी कुणाची?

शेतजमिनीवर घर म्हणजे बिनशेतीचा प्रश्न आलाच. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत जमीन असेल तर वेगळी बिनशेती परवानगी लागत नाही. शुल्क किती आणि कुठला कागद घ्यायचा, हे तहसीलला विचारा. स्वतःच्या शेतात शेतकऱ्याला शेतघर बांधता येतं, पण त्याला अटी आहेत आणि ते घर शेतीसाठीच धरलं जातं. बँक कर्ज देताना हे विचारते.

बांधकामाचं म्हणाल तर ग्रामीण भागात ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला नगररचना कार्यालयाची परवानगी लागणार नाही, असं सरकारनं २०२१ मध्ये जाहीर केलं. पण बिडकीनच्या आजूबाजूला औद्योगिक क्षेत्र आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरण अशी वेगवेगळी नियोजन प्राधिकरणं आहेत. एका गटाला एक नियम, शेजारच्या गटाला दुसरा, असं होऊ शकतं. म्हणून 'माझा गट कुठल्या प्राधिकरणाकडं येतो आणि कुठल्या झोनमध्ये आहे' हे लेखी घ्या. रस्त्यापासून आणि विजेच्या तारांपासून किती अंतर सोडायचं, तेही त्याच वेळी विचारा.

४) जमिनीचा स्वभाव ओळखा

आपल्याकडची काळी माती कापसाला चांगली, पण घराला वैरी. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया त्या मातीतच टेकवला तर घर दरवर्षी वर-खाली हलतं. मग भिंतीला तिरप्या चिरा पडतात, दरवाजे घासायला लागतात. वरून कितीही लांबी भरली तरी चीर परत येते, कारण दुखणं खाली असतं.

म्हणून नकाशा काढायच्या आधी प्लॉटवर दोन-तीन ठिकाणी खड्डे घ्या. काळी माती किती खोल आहे, मुरूम कुठं लागतो, खडक कुठं, हे टेप लावून मोजा आणि त्याचा व्हिडिओ मागवा. फूटिंग काळ्या मातीच्या खाली, पक्क्या मुरमावर किंवा खडकावरच टेकवायची. काळी माती फार खोल गेली असेल तर इंजिनिअर अंडर-रीम्ड पाइल सुचवतात, म्हणजे बुडाशी फुगीर असलेला काँक्रीटचा खांब. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं ही पद्धत अशाच मातीसाठी विकसित केली आहे.

प्लिंथमध्ये भराव मुरमाचाच हवा. थर द्यायचा, पाणी मारायचं, धुम्मस करायची, मग पुढचा थर. खोदलेली काळी माती परत आत ढकलणं हा मिस्त्रीचा शॉर्टकट असतो, तो तिथंच थांबवा. घराभोवती तीन-चार फूट फरसबंदी करा, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही.

पाया आणि प्लिंथ मे अखेर उरकायला बघा. मृग लागला की खड्ड्यात पाणी भरतं, काठ ढासळतात.

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप मराठवाड्यानं बघितला आहे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड छत, त्याखाली हजारो माणसं गेली. त्यामुळं प्लिंथ, लिंटेल आणि छत या तीन पातळ्यांवर घराला सलग बीम किंवा पट्टा घ्याच. 'एवढ्याशा घराला काय गरज' असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका.

५) देखरेख कुणाची, अधिकार किती?

भाऊ, चुलते किंवा मेहुणे देखरेख करणार असतील तर चांगलंच आहे. पण त्यांच्यावर दोन कामं टाकू नका. पैसे आणि तपासणी वेगळी ठेवा. बिल दुकानदाराच्या खात्यावर थेट तुम्ही भरा, माल आला का ते भाऊ बघेल आणि कामाची तपासणी इंजिनिअर करेल. इंजिनिअरला प्रत्येक भेटीचे पैसे ठरवून द्या. यानं भावावर अविश्वास होत नाही. उलट, उद्या हिशोबावरून भावकीत बोलणं व्हायचं असेल तर ते टळतं.

मुखत्यारपत्र देताना विशेष मुखत्यारपत्र द्या. बांधकाम परवानगी, वीज जोडणी, ग्रामपंचायतीचे अर्ज, एवढंच त्यात लिहा. 'विक्री, गहाण, बक्षीस यांचा अधिकार नाही' हे वाक्य घाला. परदेशात असाल तर भारतीय दूतावासात सही साक्षांकित करून पाठवा. कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

६) पैसे तारखेला नाही, टप्प्याला

घरकुलाचे हप्ते कसे पडतात ते आठवा. जागेवरचा जिओ-टॅग फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. आपल्या घरालाही तीच पद्धत लावा. करारातच लिहा की खालच्या प्रत्येक टप्प्याला काम थांबेल, व्हिडिओ कॉल होईल, इंजिनिअर 'हो' म्हणेल आणि मगच पुढचं काम व पैसे :

१. खोदाई झाली, फूटिंगच्या आधी : टेप लावून खोली, तळाला मुरूम दिसतोय का.
२. फूटिंग आणि कॉलमची जाळी बांधली, काँक्रीटच्या आधी : बार किती मिलिमीटरचे, किती नग, रिंगांचं अंतर किती.
३. प्लिंथचा भराव : प्रत्येक थराचा फोटो.
४. स्लॅबची जाळी, विजेचे पाइप टाकून झाल्यावर : खाली कव्हर ब्लॉक आहेत का. साधारणपणे स्लॅबला २०, कॉलमला ४० आणि फूटिंगला ५० मिलिमीटर कव्हर धरतात.
५. प्लास्टरच्या आधी : भिंतीतले नळ पाण्याच्या दाबानं तपासून.
६. शेवटची रक्कम एक पावसाळा गेल्यावर. गळती असेल तर पहिल्याच पावसात कळते.

व्हिडिओत प्लॉटची ओळखीची खूण दिसली पाहिजे, शेजारचं झाड नाहीतर विजेचा खांब. दुसऱ्याच साईटचा फोटो पाठवणारेही भेटतात.

लोखंडाचा हिशोब मोबाईलवर : १२ मीटरच्या एका बारचं वजन साधारण असं असतं : ८ मिमी – ४.७ किलो, १० मिमी – ७.४ किलो, १२ मिमी – १०.७ किलो, १६ मिमी – १९ किलो. वजनकाट्याची पावती आणि बारची संख्या जुळवून बघा. वाळू-खडी ब्रासवर येते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि उंची मोजायला सांगा.

७) पाणी मारणं, सगळ्यात जास्त चुकणारं काम

मालक लांब असला की पाणी कमी पडतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो आणि ओलं काँक्रीट काही तासांत कोरडं पडतं. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओल हवी. गरम कोरड्या हवेत १४ दिवस धरा. हल्ली दुकानात बहुतेक पीपीसीच मिळतं, म्हणून १४ च लक्षात ठेवा. स्लॅबवर वाफे करून पाणी भरून ठेवायचं, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळायचं.

स्लॅबच्या आधीच टँकर किंवा बोअरची सोय आणि पाणी मारणाऱ्या माणसाचा रोज ठरवा. १४ दिवस सकाळ-संध्याकाळ एक फोटो मागवा. या १४ दिवसांचा खर्च घराच्या खर्चापुढं किरकोळ आहे, पण स्लॅबची ताकद त्यावरच ठरते.

सुट्टी कधी टाकायची?

बहुतेक लोक वास्तुशांतीला येतात. तेव्हा बघण्यासारखं सगळं झाकलेलं असतं. वर्षात दोनदाच सुट्टी मिळत असेल तर एक मोजणीच्या आणि खोदाईच्या वेळी घ्या, दुसरी स्लॅबच्या आदल्या दिवशी. वास्तुशांती राहिली तर पुढच्या वर्षी करता येईल. गाडलेला पाया परत उघडून बघता येत नाही.

*(कायदे आणि शुल्क बदलत असतात. व्यवहाराच्या आधी तहसील, दुय्यम निबंधक कार्यालय आणि आपल्या वकिलाकडून खात्री करून घ्या. बाहेरगावी असलेल्या आपल्या माणसाला ही माहिती जरूर पाठवा.)*