शिट्टी कुणाच्या गळ्यात?

आमच्या शाळेचे ड्रिलमास्तर बदलून गेले आणि मुलांच्या फुटबॉलची शिट्टी काही दिवस माझ्या गळ्यात पडली. सिंदी मेघे वर्ध्याला खेटून असले म्हणून काय झाले, मैदानावर बाई दिसताच पोरे हसायची ती हसलीच! तेव्हा मला ‘वाइल्डकॅट्स’ हा १९८६ सालचा अमेरिकन विनोदी चित्रपट आठवला.

मायकेल रिची यांच्या या चित्रपटात मुलींना धावणे शिकवणारी एक बाई शिकागोच्या हायस्कुलातील दांडगट मुलांच्या फुटबॉल संघाची प्रशिक्षक होते. (त्यांचा फुटबॉल हातात धरून पळायचा, आपला निराळा.) भूमिका गोल्डी हॉन हिची. पोरे टर उडवतात, तेव्हा ती पैज लावते : माझ्याबरोबर धावा, तुम्ही टिकलात तर मी नोकरी सोडते. एकेक पहिलवान लोळतो, बाई धावतेच आहे. फराळाच्या ताटाशी बसून बघावे असे ते दृश्य!

पण इतिहास चाळला की हे हसू जरा अडखळते. १९७२ साली अमेरिकेत कायदा झाला की, केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी भेद चालणार नाही. मुलींचे खेळ भरभराटले. त्याआधी महाविद्यालयीन मुलींच्या १०० संघांपैकी ९० हून अधिकांना बायकाच शिकवीत; पुढे ते प्रमाण निम्म्याखाली आले. खेळाला मान आला, पगार आला, आणि पाठोपाठ पुरुष आले! मुलींचे संघ बायकांच्या हातून निसटत होते, त्याच काळात पडद्यावरची बाई मुलांचा संघ जिंकून देत होती.

आणि आपल्याकडे? महिला फुटबॉलची देशव्यापी संघटना निघाली १९७५ साली. भारताच्या महिला संघाला पहिली महिला मुख्य प्रशिक्षक लाभली २०१७ साली. त्या गोव्याच्या मेमॉल रॉकी. मध्ये ४२ वर्षे गेली! मार्च २०१९ मध्ये त्यांच्या संघाने विराटनगरात नेपाळला ३-१ असे हरवून सलग पाचव्यांदा सॅफ अजिंक्यपद आणले. आमच्या शेजारच्या नागपूरच्या विजय बारसे सरांच्या कामावर २०२२ साली ‘झुंड’ निघाला. मेमॉलबाईंवरचा चित्रपट माझ्या तरी पाहण्यात नाही.

असो. पैज मीही लावली होती. तिसऱ्या फेरीलाच धाप लागून मी कडुनिंबाखाली टेकले. सगळ्यांत जास्त हसणारा पोरगा पाण्याची बाटली घेऊन आला.

“बाई, बसा तुमी. आमी पळतो, तुमी मोजा.”

मी शिट्टी फुंकली आणि मोजू लागले.