खेळाचा राखणदार आणि घराच्या किल्ल्या

परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून आपण दप्तरे वर्गाबाहेर ठेवायला लावतो, पर्यवेक्षक नेमतो, कधी भरारी पथकही येते. हे सारे शक्य होते, कारण वर्ग शाळेचा असतो. समजा, प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या घरी बसून पेपर लिहायचा असे ठरले, तर पर्यवेक्षकाला घरात शिरावे लागेल. मग तो फक्त टेबलाखाली पाहील, की कपाटही उघडेल? इंटरनेटवरून खेळल्या जाणाऱ्या संगणकीय खेळांपुढे हाच प्रश्न उभा राहिला.

आधी ही 'कॉपी' कशी होते ते पाहू. नेमबाजीच्या खेळात भिंतीआडचा प्रतिस्पर्धी पडद्यावर दिसत नाही. पण तो बाहेर येताच क्षणात दिसायला हवा, म्हणून त्याची जागा मध्यवर्ती संगणक तुमच्या संगणकाला बहुधा आधीच कळवून ठेवतो. म्हणजे ती माहिती तुमच्याच संगणकाच्या स्मृतीत असते. ती वाचणारी छोटीशी आज्ञावली लिहिली, की भिंत पारदर्शक झालीच! मध्यवर्ती संगणकाला यातले काही दिसत नाही. गडी पक्का नेमबाज आहे एवढेच त्याला कळते. म्हणून राखणदार खेळाडूच्या संगणकावर बसवणे भाग पडले. २००० साली आलेली 'पंकबस्टर' ही अशा सुरुवातीच्या आज्ञावलींपैकी एक.

वादाला खरे तोंड फुटले ते २००५ मध्ये. ब्लिझार्ड कंपनीच्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाचे त्या वर्षअखेरीस सुमारे ५० लाख वर्गणीदार होते. त्याच्या राखणदाराचे नाव 'वॉर्डन'. ग्रेग हॉग्लंड या अमेरिकी सुरक्षातज्ज्ञाने वॉर्डनचे काम उलगडून पाहिले, तेव्हा तो खेळाबाहेरच्या सगळ्या खिडक्यांची शीर्षके वाचतो असे आढळले. शीर्षकात कोणाचा ईमेल पत्ता असेल, तर तोही त्यात आला. वाचलेल्या प्रत्येक शीर्षकावर ठरावीक गणिती क्रिया करून वॉर्डन एक संख्या काढी आणि ती निषिद्ध आज्ञावलींच्या संख्यांशी ताडून पाही. गुणाकाराचा ताळा आपण पाहतो, तशातलाच हा प्रकार. मात्र येथे संख्येवरून मूळ मजकूर शोधणे फार अवघड असते.

इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने याला हेरगिरी म्हटले. आम्ही वैयक्तिक माहिती गोळा करत नाही, असे कंपनीचे उत्तर होते. माझ्या मते दोघेही खरे बोलत असावेत. राखणदार काय पाहतो हे हॉग्लंड सांगत होते, आणि तो काय घेऊन जातो हे कंपनी. खेळाडूला स्वतः खात्री करून घेता यावी म्हणून हॉग्लंड यांनी वॉर्डनवरच नजर ठेवणारी 'गव्हर्नर' नावाची आज्ञावली लिहिली.

मग एक विलक्षण योग जुळून आला. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच यांनी उघड केले, की सोनी-बीएमजीच्या काही संगीत-सीडी संगणकात घातल्या, की विंडोजमध्ये एक छुपी आज्ञावली बसते. गाण्यांच्या नकला रोखण्यासाठी ती होती. स्वतःला लपवण्यासाठी ती एका विशिष्ट अक्षरसमूहाने सुरू होणाऱ्या नावाची कोणतीही फाइल दिसेनाशी करी. काही दिवसांतच लबाड खेळाडूंनी आपल्या आज्ञावलींना तशी नावे दिली आणि वॉर्डन आंधळा झाला! एका चोरीवरचा पहारा दुसऱ्या चोरीचा आडोसा ठरला.

पुढे लबाडीच्या आज्ञावली संगणकप्रणालीच्या गाभ्यात जाऊन लपू लागल्या, तेव्हा राखणदारही तेथे गेले. प्रोसेसर आज्ञावलींना अधिकारांच्या पातळ्या देतो. विंडोजमध्ये नेहमीच्या आज्ञावली तिसऱ्या पातळीवर चालतात आणि गाभा शून्य पातळीवर. शून्य पातळीवरच्या आज्ञावलीला सारी स्मृती, सर्व फाइली खुल्या असतात. २०२० साली आलेल्या 'व्हॅलोरंट'चा 'व्हॅनगार्ड' तर खेळ सुरू होण्याची वाट न पाहता संगणकाबरोबरच जागा होई.

गाभ्यातली चूक महाग पडते. सप्टेंबर २०१६ मध्ये कॅपकॉमने 'स्ट्रीट फायटर ५'साठी असा एक घटक पाठवला. त्यामुळे कोणत्याही साध्या आज्ञावलीला आपल्या आज्ञा गाभ्यात चालवून घेता येऊ लागल्या. ओरड होताच कंपनीने तो मागे घेतला.

ऑगस्ट २०२२ मध्ये ट्रेंड मायक्रोने सांगितलेला प्रकार त्याहून गंभीर होता. 'गेन्शिन इम्पॅक्ट' या खेळाच्या राखणदाराची एक फाइल खंडणीखोरांनी आपल्याबरोबर नेली आणि तिच्याकरवी संगणकावरची विषाणूरोधक आज्ञावलीच बंद पाडली. ज्याच्यावर हल्ला करायचा, त्या संगणकावर हा खेळ असण्याची गरजच नव्हती. फाइलीवर वैध डिजिटल स्वाक्षरी होती आणि विंडोजला तेवढे पुरेसे होते.