भाड्याचे बाक आणि ओस पडलेलं चर्च: मँचेस्टरची गोष्ट

नमस्कार मंडळी! हा शब्द आज मुद्दाम वापरतोय. मराठी ख्रिस्ती लोकांमध्ये 'मंडळी' म्हणजे चर्चला येणारा सगळा समुदाय, आणि आजची गोष्ट अशाच एका मंडळीची आहे. ती आहे इंग्लंडमधल्या मँचेस्टरची. शेवटी मुंबईलाही येणार आहोत, पण वाट जरा लांबची आहे, तेव्हा इयरफोन नीट लावा.

आधी एक काम करा. फोनवर मँचेस्टरच्या अल्बर्ट हॉलचे फोटो शोधा. आज तिथे मोठमोठ्या बँडचे शो होतात. स्टेजवर लाइट्स, समोर नाचणारी पोरं, आणि मागे? मागे भलामोठा पाइप ऑर्गन आणि रंगीत काचांच्या खिडक्या. वरची गॅलरी घोड्याच्या नालेसारखी वळलेली, खालची जमीन थिएटरसारखी उतरती. ही इमारत 1908 ते 1910 या काळात मेथडिस्ट चर्चच्या लोकांनी बांधली, उपासनेसाठी. आता प्रश्न असा, की प्रार्थना करायची जागा त्यांनी थिएटरसारखी का बांधली? आज आत जायला तिकीट लागतं, पण बांधताना हेतू नेमका उलटा होता. कोणालाही, खिशात दमडी नसली तरी, आत येऊन बसता यावं, हा.

हे समजून घ्यायला आणखी मागे, अठराव्या शतकात जावं लागेल.

जॉन वेस्ली. जन्म 1703. इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे पाद्री, ऑक्सफर्डमध्ये शिकलेले, शिस्तीचे इतके पक्के की कॉलेजातली पोरं त्यांना आणि त्यांच्या मित्रांना चिडवायची. ठरलेल्या वेळी उठणार, ठरलेल्या वेळी प्रार्थना, ठरलेल्या दिवशी तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटणार. सगळं 'मेथड'नं. म्हणून 'मेथडिस्ट'. म्हणजे हे नाव मुळात टोमणा होता. त्यांनी तो अंगाला लावून घेतला.

1739 मध्ये ब्रिस्टल शहराजवळ वेस्ली पहिल्यांदा उघड्यावर उभे राहून बोलले. विटा बनवायच्या जागेजवळ, साधारण तीन हजार लोकांसमोर. आज यात काही विशेष वाटणार नाही, पण त्या काळच्या सभ्य पाद्रीला हे फार खालच्या दर्जाचं वाटायचं. वेस्लींनाही आधी संकोच वाटला होता. पण ब्रिस्टलच्या आसपासचे कोळसा खाणीतले मजूर चर्चमध्ये येत नव्हते, म्हणून चर्चच त्यांच्याकडे गेलं.

आणि मग जे सुरू झालं ते फक्त प्रवचन नव्हतं. ब्रिस्टलच्या सभागृहावर कर्ज होतं. ते फेडायला 1742 मध्ये कोणीतरी सुचवलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. बारा-बारा जणांचे गट करावेत आणि एकानं घरोघर जाऊन पैसे गोळा करावेत. भिशीसारखंच वाटतंय ना? फरक एवढाच की इथे नंबर कोणाचाच लागायचा नाही. पण झालं काय, की पैसे गोळा करायला घरी जाणाऱ्याला त्या घरातलं सगळं दिसायला लागलं. कोण आजारी आहे, कोणाचं काम सुटलंय, कोण पुन्हा प्यायला लागलाय. वसुलीसाठी बनवलेल्या गटांतून एकमेकांची काळजी घेणारे गट तयार झाले. मला स्वतःला मेथडिस्ट इतिहासातला हा सगळ्यात आवडता योगायोग वाटतो.

लंडनमध्ये वेस्लींनी तोफा ओतण्याचा एक पडका कारखाना घेतला, 'फाउंड्री' म्हणतात तो. तिथे 1746 मध्ये गरिबांसाठी मोफत औषधं मिळायला लागली. त्याच वर्षी तिथे कर्जाचा एक छोटा फंडही सुरू झाला. सुरुवातीची रक्कम होती 30 पाउंड 16 शिलिंग. एका वेळी 20 शिलिंग मिळणार, तीन महिन्यांत आठवड्याच्या हप्त्यांनी परत करायचे. अठरा महिन्यांत 255 लोकांना या एवढ्याशा रकमेतून मदत झाली, कारण तेच पैसे परत येत आणि पुन्हा फिरत. आपल्या बचत गटातल्या कोणत्याही ताईला विचारा, ती हे गणित एका मिनिटात समजावून सांगेल.

पुढे या फंडातून जेम्स लॅकिंग्टन नावाच्या एका चांभाराला 5 पाउंड मिळाले. त्यानं त्यातून जुनी पुस्तकं विकायला घेतली, आणि काही वर्षांत लंडनमधलं सगळ्यात मोठ्या दुकानांपैकी एक पुस्तकांचं दुकान त्याचं झालं. गंमत म्हणजे श्रीमंत झाल्यावर त्यानं आत्मचरित्रात मेथडिस्टांचीच यथेच्छ टिंगल केली! म्हातारपणी मात्र पुन्हा त्यांच्यात आला आणि त्यांच्यासाठी प्रार्थनागृहंही बांधली.

आता इथे गोष्ट वळते. कष्ट करा, उधळू नका, दारू पिऊ नका, हप्ता वेळेवर फेडा. असं पन्नास वर्षं वागलं की माणसाचं काय होतं? तो खाऊनपिऊन सुखी होतो. वेस्लींना उतारवयात हीच काळजी लागली होती. त्यांनी साफ लिहून ठेवलंय की मेथडिस्ट मेहनती आणि काटकसरी होतात, म्हणून श्रीमंत होतात, आणि श्रीमंत झाले की ज्या कारणासाठी हे सगळं सुरू झालं तेच विसरतात. यावर त्यांच्याकडे उपाय एकच होता, कमवाल तेवढं वाटूनही टाका. स्वतः ते तसंच वागले. 1785 च्या जानेवारीत, वयाच्या 81 व्या वर्षी, लंडनच्या रस्त्यांवर वितळत्या बर्फात घोट्यापर्यंत पाय बुडवत ते चार-पाच दिवस दारोदार फिरले आणि गरिबांच्या कपड्यांसाठी 200 पाउंड मागून आणले. त्यानंतर आजारी पडले, तो भाग वेगळा.

1791 मध्ये वेस्ली गेले. आणि त्यांची भीती खरी ठरली.

एकोणिसाव्या शतकातल्या मेथडिस्ट चर्चमध्ये (ते 'चॅपल' म्हणायचे) बसायचे बाक भाड्यानं मिळायचे. कुटुंबानं तिमाहीला पैसे भरायचे, मग तो बाक त्यांचा. चांगल्या जागेचं भाडं जास्त. भाडं न देणाऱ्यांसाठी मागे किंवा कडेला काही फुकट जागा असायच्या. या पैशातून चर्चचा खर्च निघायचा, त्यामुळे ते बंद करणं सोपं नव्हतं, हेही लक्षात घ्या. पण फाटक्या कपड्यांतला गिरणी कामगार आत आला, की त्याला दारातच कळायचं की आपली जागा कुठे आहे. देवळात व्हीआयपी पासची रांग बाजूनं सरकताना बघितलीय ना? तसंच काहीसं.

1851 मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये एका रविवारी सरकारनं चर्चला जाणाऱ्यांची गणती केली. जाऊ शकत असूनही न गेलेले लोक 50 लाखांहून जास्त निघाले. अहवालात म्हटलं होतं की गैरहजर असणारे मुख्यतः कष्टकरी आहेत, आणि त्यामागच्या कारणांमध्ये हे भाड्याचे बाकही होते.

आता मँचेस्टर. कापडाची राजधानी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा आपल्या वऱ्हाड-खानदेशातला कापूस मुंबईहून याच भागातल्या गिरण्यांकडे जात होता. तर या शहरातल्या ओल्डहॅम स्ट्रीटवर एक मेथडिस्ट चॅपल होतं. साधंसुधं नाही, 1781 मध्ये खुद्द वेस्लींच्या हस्ते सुरू झालेलं. शंभर वर्षांनी त्याची काय अवस्था होती? ओस. बाकांचं भाडं भरणारी कुटुंबं पैसे आल्यावर धुरातून बाहेर, उपनगरांत राहायला गेली. चॅपलच्या आजूबाजूला उरली गोदामं, दुकानं आणि कामगारांच्या कोंदट वस्त्या. त्या वस्त्यांत माणसं खच्चून भरलेली, आणि शेजारचं चॅपल रिकामं.

तुम्ही असतात तर काय केलं असतं? सोपे पर्याय दोन होते. जागा विकायची आणि उपनगरात नवं चॅपल बांधायचं. किंवा वेस्लींच्या हातची वास्तू म्हणून जपायची, पाटी लावायची, वर्षातून एकदा कार्यक्रम करायचा. त्यांनी तिसरंच केलं. वेस्लींनी सुरू केलेली ती इमारत पाडली, आणि त्याच जागेवर 1886 मध्ये 'सेंट्रल हॉल' उभा केला. मुळांकडे परत जायचं म्हणून मूळ इमारतच पाडली! ऐकायला विचित्र वाटतं. पण वेस्लींनी इमारती सोडून विटांच्या भट्टीजवळ उभं राहायचं ठरवलं होतं हे आठवलं, की यात विसंगती दिसत नाही.

कामाची सूत्रं दिली सॅम्युअल कॉलियर नावाच्या तिशीतल्या पाळकाकडे. हा माणूस 1921 पर्यंत, मरेपर्यंत, तिथेच राहिला. मेथडिस्ट पाळकांची बदली काही वर्षांनी ठरलेली असते. एका जागी पस्तीस वर्षं ही त्यांच्याकडे मोठी सवलत होती. शेजाऱ्यांशी ओळख व्हायला वेळ लागतो, हे कोणाच्या तरी लक्षात आलं असावं, असं मला वाटतं.

कॉलियर आणि त्यांचे सोबती बँडबाजा घेऊन रस्त्यावर उतरायचे. बेघर पुरुषांसाठी निवारा निघाला, त्याला जोडून काम करून जेवण-मुक्काम मिळवायची सोय झाली. बायकांसाठी आश्रयगृह निघालं. रविवारी संध्याकाळची गर्दी इतकी वाढली की नवा हॉल पुरेना, मग फ्री ट्रेड हॉल भाड्यानं घ्यावा लागला. (हो, तोच हॉल, जिथे 1966 मध्ये बॉब डिलननं इलेक्ट्रिक गिटार हातात घेतल्यावर प्रेक्षकांतून कोणीतरी 'जुडास' म्हणून ओरडलं होतं.)

मग इतर शहरांतही असे सेंट्रल हॉल उभे राहिले. बाहेरून चर्च वाटू नयेत अशी रचना, आत बाकांऐवजी थिएटरसारख्या उघडमिट होणाऱ्या खुर्च्या. रस्त्याकडेच्या बाजूला अनेक ठिकाणी दुकानं काढली, त्यांच्या भाड्यावर खर्च भागायचा. म्हणजे भाडं आता बसणाऱ्याकडून न घेता दुकानदाराकडून घेतलं! शनिवारी रात्री स्वस्तात गाण्याचे कार्यक्रम आणि पुढे सिनेमेसुद्धा, कारण शनिवारी पगार हातात आला की दुसरी जागा दारूचा गुत्ता हीच होती. सुरुवातीला बघितलेला अल्बर्ट हॉल याच साखळीतला.

लंडनमध्ये हेच काम ह्यू प्राइस ह्यूज यांनी 1887 मध्ये सुरू केलं. त्यांची पत्नी कॅथरीन यांनी तरुण स्त्रियांचा एक गट उभा केला, 'सिस्टर्स ऑफ द पीपल'. या मुली वस्त्यांमध्ये राहून आजाऱ्यांची शुश्रूषा करायच्या, पोरांना सांभाळायच्या. भाषणांसाठी नाव ह्यूज यांचं झालं, पण जिने चढून खोल्यांमध्ये जाणाऱ्या या बायका होत्या.

सगळंच गोड होतं असं नाही हं. सूपच्या वाटीबरोबर उपदेश यायचाच. दारू सोडण्याचा आग्रह कधीकधी माणसाला लाज आणणारा असायचा. पगार इतके कमी का, हा प्रश्न निवारा उघडून सुटत नाही, हेही तेव्हाचे कामगार पुढारी सुनावत होतेच.

आता मुंबईकडे. ह्यूज एक साप्ताहिक चालवायचे, 'मेथडिस्ट टाइम्स'. 1889 मध्ये त्यात हेन्री लन या तरुण डॉक्टरनं लेख लिहिले. तो भारतात मिशनरी म्हणून येऊन वर्षभरातच परतला होता. त्याचं म्हणणं, आपले मिशनरी भारतात साहेबी थाटात राहतात, लोकांपासून दूर. केवढा गदारोळ! चौकशी बसली, मिशनरी निर्दोष ठरले, लन पुढे सहली काढायच्या धंद्यात पडला आणि प्रसिद्ध झाला. पण त्याचा प्रश्न तोच होता, भाड्याच्या बाकांचा: ज्यांच्यासाठी आलात त्यांच्यापासून किती अंतरावर बसलाय?

आणि या प्रश्नाचं एक उत्तर मुंबईत आधीच जगून झालं होतं. जॉर्ज बोवेन, अमेरिकन. 1848 मध्ये मुंबईला आले, मराठी शिकले. वर्षभरातच त्यांनी मिशनचा पगार नाकारला आणि बाजारातल्या एका छोट्याशा घरात राहायला गेले. रस्त्यावर उभं राहून मराठीत बोलायचे, 'बॉम्बे गार्डियन' नावाचं पत्र चालवायचे. 1871 च्या अखेरीस विल्यम टेलर हे मेथडिस्ट प्रचारक मुंबईत आले आणि इथे मेथडिस्ट मंडळी सुरू झाली, तेव्हा बोवेन तिच्यात सामील झाले. आयुष्यभरात त्यांनी किती लोकांना ख्रिस्ती केलं असा आकडा मागाल, तर हाती फार काही लागणार नाही. चाळीस वर्षं ते त्याच शहरात, तसेच राहिले.

1888 च्या फेब्रुवारीत ते मुंबईतच वारले. लनचे लेख छापून यायला अजून वर्षभर होतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर तुमच्या गावात, पेठेत एखादी जुनी मेथडिस्ट मंडळी असेल तर तिथल्या आजी-आजोबांना जुन्या गोष्टी विचारा, आणि आम्हाला लिहून कळवा.